पडवीतला मोशन सेन्सर उगाच लागू नये म्हणून : प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल

आमचे घर फोंडा तालुक्यात, चिऱ्यांच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. मागे लांबट पडवी, तिच्या उत्तर टोकाला न्हाणीघर, आणि समोर पश्चिमेला अंगण ओलांडले की कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, सुरू होते. आईला रात्री न्हाणीघरात जाताना दिव्याचे बटण चाचपडावे लागू नये आणि ती पडवीत आल्याचे आम्हाला आतल्या खोलीत कळावे, या दोन कारणांसाठी पडवीत मोशन सेन्सर बसवला आहे. माणूस आला की ९ वॅटचा एलईडी दिवा लागावा आणि आतल्या खोलीत बझर वाजावा, एवढेच त्याचे काम.

साहित्य साधे आहे. एचसी-एसआर५०१ हे सर्रास मिळणारे पीआयआर, म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून हालचाल ओळखणारे, मॉड्यूल (९० रुपये), ईएसपी८२६६ चिप असलेला नोडएमसीयू हा प्रोग्राम चालवणारा छोटा वायफाय बोर्ड (२८० रुपये), बोर्डाच्या सांगण्यावरून दिवा चालू-बंद करणारा रिले (७० रुपये), आतल्या खोलीसाठी तसाच दुसरा बोर्ड आणि बझर (३०० रुपये), प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स (६० रुपये) आणि घरातला जुना मोबाइल चार्जर. सर्व काही एकाच बॉक्समध्ये घालून तो पडवीच्या पुढच्या वाशाला, अंगणाकडे तोंड करून लावला.

बसवल्यापासून कोणी नसतानाही दिवा आणि बझर लागत आहेत. दुपारी तर सारखेच, आणि रात्रीही अधूनमधून. दोनतीन रात्री विनाकारण उठावे लागले की घरातली माणसे बझरकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि मग आई खरोखर उठते तेव्हाही कोणी उठत नाही. त्यामुळे खोटा इशारा हाच या कामातला मुख्य बिघाड मानून पुढच्या नोंदी ठेवत आहे.

पहिला उपाय म्हणून मॉड्यूलवरचा संवेदनशीलतेचा स्क्रू कमीवर फिरवला. या मॉड्यूलचा पल्ला त्या स्क्रूने साधारण ३ ते ७ मीटर बदलतो. दुपारचे खोटे इशारे थोडे कमी झाले, रात्रीचे जसेच्या तसे राहिले, आणि आई दारातून बाहेर आली तरी दिवा लागेना. स्क्रू पुन्हा मधोमध आणून ठेवला. जे कोणी हे काम करतील त्यांनी स्क्रूपासून सुरुवात करू नये, कारण खरे आणि खोटे दोन्ही इशारे तो एकाच वेळी दाबतो आणि कारण काही कळत नाही.

१६ एप्रिल

बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये एक बदल केला : सेन्सरची पल्स (‘हालचाल आहे’ असे सांगणारा त्याचा संकेत) केव्हा सुरू झाली आणि किती सेकंद टिकली हे तो आता नोंदवून ठेवतो. सोबत आम्ही एक वही ठेवली, पडवीत जो कोणी येईल त्याने वेळ लिहायची. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर खोट्या इशाऱ्यांचे तीन वेगळे गट दिसले. दुपारी दोन ते चार या वेळात दाटीने येणारे. रात्रभर विखुरलेले, कोणत्याही हालचालीशी न जुळणारे. आणि तिसरे म्हणजे दिवा विझल्यावर एक-दोन सेकंदांतच पुन्हा लागणे. या तिन्हींना एकच कारण असणे शक्य नव्हते, म्हणून पुढे प्रत्येक गटाचा वेगळा माग काढायचे ठरवले आणि एका वेळी एकच बदल करायचा हा नियम घालून घेतला.

१८ एप्रिल

सर्वात उपयोगी ठरलेली चाचणी फुकटची आहे. पीआयआर सेन्सरला माणूस दिसत नाही. त्याच्या आतल्या दोन पट्ट्यांवर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांतला फरक बदलला की तो इशारा देतो. तेव्हा त्याचे डोळेच झाकले तर बाहेरचे कोणतेही कारण उरू नये. जाड पुठ्ठ्याची वाटी करून ती पांढऱ्या लेन्सवर बसवली आणि कडेने चिकटपट्टी लावली. येथे ॲल्युमिनियमची फॉइल वापरू नये : फॉइल उष्णतेबरोबर रेडिओ लहरीही अडवते, त्यामुळे एकाच चाचणीत दोन गोष्टी मिसळतात, शिवाय ती उघड्या पिनांना टेकली तर बोर्ड जाण्याचा धोका असतो.

लेन्स झाकलेली असताना दुपारचे सर्व खोटे इशारे थांबले, रात्रीचे विखुरलेले इशारे मात्र चालूच राहिले. म्हणजे दुपारचे कारण बाहेर अंगणात होते आणि रात्रीचे बॉक्सच्या आत.

२० एप्रिल

लेन्स झाकलेलीच ठेवून बोर्डाचे वायफाय प्रोग्राममधून बंद केले. रात्र जवळजवळ स्वच्छ गेली. सेन्सरचा मूळ संकेत अतिशय क्षीण असतो आणि मॉड्यूलवरची चिप तो अनेक पटींनी वाढवते. त्यामुळे शेजारी वायफायचा ॲंटेना असेल तर त्याचे प्रक्षेपणही त्याच वाटेने वाढून हालचाल म्हणून बाहेर पडते. माझ्या मांडणीत सेन्सर बोर्डाच्या ॲंटेनावर अक्षरशः टेकलेला होता.

वायफाय बंद ठेवणे परवडणारे नाही, कारण आतला बझर त्यावरच चालतो. सेन्सर वेगळ्या लहान डबीत घेतला आणि दोन मीटरच्या तीन तारांच्या शिल्डेड, म्हणजे तारांभोवती धातूचे आवरण असलेल्या, केबलने (१२० रुपये) बोर्डाला जोडला. शिल्डचे टोक फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंडला, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला, लावले, सेन्सरकडचे मोकळे कापून टाकले. बोर्डाकडे संकेताच्या तारेवर १० किलो-ओमचा रेझिस्टर ग्राउंडला दिला. वायफाय पुन्हा सुरू केल्यावरही रात्रीचे इशारे बहुतेक गेले, सगळे नाहीत.

२२ एप्रिल

उरलेल्या इशाऱ्यांचे कारण शेजारच्या काकूंनी सांगितले. त्यांच्या कुळागरात सध्या पोफळींना पाणी सोडावे लागते आणि पंप पहाटे चालू होतो. “आमचा पंप चालू केला की तुमचा पडवीतला दिवा पेटतो, बघ एकदा,” असे त्या म्हणाल्या. नोंदी काढून पाहिल्या तर पहाटेचा इशारा खरोखरच रोज पंपाच्या वेळेला होता. मोटार सुरू होताना ओळीवरचा व्होल्टेज क्षणभर खाली जातो, जुना चार्जर तो खड्डा सांभाळू शकत नाही आणि सेन्सरच्या ५ व्होल्टमध्ये झटका बसतो. आमचा स्वतःचा फ्रिज सुरू होतानाही हेच घडत होते, फक्त ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

त्यावर सेन्सरच्या डबीतच एक छोटी गाळणी बसवली. ५ व्होल्टच्या तारेत १एन५८१९ हा डायोड आणि त्यापुढे १०० ओमचा रेझिस्टर, आणि मॉड्यूलच्या दोन पुरवठा पिनांमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. व्होल्टेज पडला तरी डायोडमुळे कपॅसिटरमधला साठा मागे वाहून जात नाही आणि सेन्सर त्या साठ्यावर तग धरतो. मॉड्यूल स्वतः १०० मायक्रोअँपियरपेक्षाही कमी प्रवाह घेते, म्हणून रेझिस्टरवर गळणारा व्होल्टेज नगण्य आहे. या तिन्ही वस्तूंचे मिळून १५ रुपये झाले. चार्जरही बदलला, चांगल्या प्रतीच्या ५ व्होल्ट, २ अँपियरच्या पुरवठ्याला २५० रुपये पडले.

दोन्ही बदल एकत्र केले असते तर कशाने गुण आला हे कळले नसते. आधी फक्त गाळणी लावून काकूंना पंप सुरू-बंद करायला सांगितले : इशारा आला नाही. नंतर गाळणी काढून फक्त नवा चार्जर लावला : अधूनमधून आला. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर चार्जर राहू द्यावा, पण गाळणी मात्र लावावीच.

२३ एप्रिल

दिवा विझताच पुन्हा लागण्याचा तिसरा गट अर्ध्या तासात मिटला. रिले सुटताना तारांत झटका उसळतो, शिवाय तापलेला दिवा विझल्यावर थंड होऊ लागतो आणि तो सेन्सरच्या टप्प्यात असेल तर तोही बदल म्हणून नोंदला जातो. प्रोग्राममध्ये रिले सुटल्यानंतर ५ सेकंद सेन्सरकडे पाहायचे नाही असे लिहिले आणि दिवा सेन्सरच्या पाठीमागे नेला.

२६ एप्रिल

पुठ्ठ्याची वाटी काढली. आता दुपार.

अंगणाच्या पलीकडे लाकडे ठेवायची पत्र्याची शेड आहे. दुपारी तो पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि वारा सुटला की त्याचा एक सैल कोपरा हलतो. मधल्या जागेत माडाच्या झावळ्यांची सावली तापलेल्या जमिनीवर पुढे-मागे होते. सेन्सर नेमका या दोहोंवर रोखलेला होता. पत्र्याला दोन खिळे मारून पाहिले. फरक पडला, पण पुरेसा नाही.

खरा उपाय जागेचा होता. सेन्सर अंगणाकडे पाहणाऱ्या वाशावरून काढला आणि पडवीच्या आतल्या भिंतीवर, दार आणि न्हाणीघर यांच्या मध्ये, जमिनीपासून दोन मीटरवर असा बसवला की आई त्याच्या समोरून आडवी जाईल. पीआयआर सेन्सर आडव्या चालीला तत्पर असतो आणि सरळ अंगावर येणाऱ्या माणसाला उशिरा ओळखतो. पहिल्या जागी आई दारातून बाहेर पडून थेट त्याच्याच दिशेने चालत येत होती. नव्या जागी संवेदनशीलता कमी ठेवूनही तिची चाल पहिल्या-दुसऱ्या पावलालाच पकडली जाते.

मात्र या भिंतीवरूनही अंगणाचा एक तुकडा दिसतो. लेन्सच्या त्या बाजूच्या पैलूंवर (लेन्सवरच्या छोट्या भिंगांवर) काळी इन्सुलेशन टेप लावली. उन्हाने तिचा गोंद पाघळला आणि टेप घसरून नको ते पैलू झाकले गेले. टेपऐवजी पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरला : आतला व्यास लेन्स सहज बसेल एवढा, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आसपास, आणि पुढचे तोंड करवतीने तिरके कापलेले, जेणेकरून अंगणाकडची बाजू लांब राहते आणि दाराकडची आखूड. हा पाइप लेन्सभोवती बसवला की सेन्सरची नजर घोड्याच्या झापडांप्रमाणे एका बाजूला बंद होते. किती लांब कापायचा हे कागदावर काढण्यापेक्षा लांबच ठेवून थोडा थोडा कापत जावे. मी संध्याकाळी अंगणात चालत होतो आणि पुतण्या सेन्सरकडे उभा राहून दिवा लागला की हाक देत होता. सहा सेंटिमीटरला समाधान झाले.

मॉड्यूलवर सीडीएस असे लिहिलेली जागा असते, तेथे एलडीआर हा उजेड ओळखणारा छोटा घटक जोडला की दिवसा सेन्सर गप्प राहतो. तो उपाय सोपा आहे, पण तो आधीच केला असता तर दुपारचे कारण झाकले गेले असते आणि ढगाळ संध्याकाळी पुन्हा उगवले असते. म्हणून तो सर्वात शेवटी केला.

९ मे

गेले काही दिवस उलटी तक्रार आहे : संध्याकाळी सातच्या सुमारास माणूस येऊनही दिवा लागत नाही. दिवसभर तापलेला चिरा अंधार पडल्यावरही बराच वेळ गरम राहतो. मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर असतो, आणि भिंतीची उष्णता माणसाच्या त्वचेच्या जवळ गेली की सेन्सरला दोघांत फरकच दिसत नाही. येथे संवेदनशीलता वाढवण्याचा मोह होतो; वाढवून पाहिली, आणि पहाटे गारवा आल्यावर खोटे इशारे परत सुरू झाले. स्क्रू पूर्ववत केला. आई साधारण दहानंतरच उठते आणि तोवर भिंत निवते, म्हणून संध्याकाळच्या त्या दोन तासांपुरते प्रोग्राममधून दिवा मंद तेवत ठेवणे मी पसंत केले. त्यासाठी एक वॅटचा वेगळा दिवा (१०० रुपये) आणि दुसरा रिले लागला.

वळवाच्या पावसाआधी वीज वारंवार जाते. ती परत आली की हे मॉड्यूल स्थिरावायला साधारण एक मिनिट घेते आणि त्या काळात आपोआप इशारे देते. प्रोग्राममध्ये सुरू झाल्यापासून ९० सेकंद दुर्लक्ष करण्याची ओळ घातली.

१७ मे

दिवा आणि बझर यांना एकच नियम लावणे हीच या मांडणीची मूळ अडचण होती, हे नोंदी वाचताना स्पष्ट झाले. दिवा उगाच लागला तर काही पैशांची वीज जाते; बझर उगाच वाजला तर घरादाराची झोप जाते. दिवा तात्काळ लागला पाहिजे, बझरला चार-पाच सेकंद उशीर झाला तरी चालतो.

आधी दोन्हींसाठी ‘दहा सेकंदांत दोन पल्स आल्या तरच खरे’ असा नियम लावला होता. तो फसला. मॉड्यूल वेळेच्या सर्वात कमी मापावर ठेवले तरी एक पल्स सुमारे ३ सेकंद टिकते आणि त्यानंतर आणखी दोन-अडीच सेकंद ते काहीच पाहत नाही. तेवढ्या वेळात आई न्हाणीघराच्या दाराशी पोहोचते आणि दिवा तिच्या मागे लागतो.

आता मॉड्यूलवरचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) ‘एच’ या जागी आहे, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत पल्स लांबत जाते. नोंदींत खोट्या पल्स जवळजवळ सगळ्याच किमान लांबीच्या, सुमारे तीन सेकंदांच्या होत्या, आणि चालत्या माणसाच्या पल्स त्याहून स्पष्टपणे लांब. म्हणून पल्स येताच दिवा, आणि पल्स साडेचार सेकंदांपलीकडे गेली तरच बझर, असा नियम केला. ज्यांच्याकडे नोंदी नाहीत त्यांनी माझा साडेचारचा आकडा उचलू नये. वेळेचा स्क्रू प्रत्येक मॉड्यूलवर थोडा वेगळा बसतो, आपली किमान पल्स मोजून त्यावर दीड सेकंद धरावा.

याच आठवड्यात आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे रडारचे मॉड्यूल (१२० रुपये) जोडीला लावून पाहिले. ते उष्णता पाहत नाही, सूक्ष्मलहरी वापरते, त्यामुळे उन्हाचा त्याला त्रास नाही. परंतु लाकडी दारातून आतल्या खोलीतली माणसेही त्याला दिसतात. काढून ठेवले.

२८ मे

पाल. रात्री दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात, आणि एक पाल थेट पीव्हीसी पाइपच्या तोंडाशी येऊन बसू लागली. इतक्या जवळून लहानसा प्राणीही लेन्सचे सगळे पैलू व्यापतो. दिवा सेन्सरपासून दोन मीटर दूर नेला आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेडाचा घेतला (९० रुपये). किडे तिकडे गेले, पालीही तिकडे गेल्या.

पाइपमध्ये मात्र कोळ्याने जाळे विणले. वाऱ्याने हलणारे जाळे आणि त्यावर फिरणारा कोळी, दोन्ही खोटे इशारे देतात. पाइपच्या तोंडावर काच किंवा ॲक्रिलिकचा तुकडा लावण्याची सूचना घरातून आली, पण या दोन्हींतून शरीराच्या उष्णतेचे किरण जात नाहीत आणि सेन्सर आंधळा होतो; काचेचा पेला समोर धरून कोणालाही हे पडताळता येईल. पातळ पॉलिथिनमधून ते जातात, कारण सेन्सरची स्वतःची लेन्सही पॉलिथिनचीच असते. वाण्याकडच्या पातळ पारदर्शक पिशवीचा तुकडा ताणून पाइपच्या तोंडावर रबरबँडने बसवला. पल्ला किंचित कमी झाला, पडवीपुरता तो पुरतो.

११ जून

पाऊस लागला आणि पहिल्याच रात्री दिवा तासन् तास लागत-विझत राहिला. नोंदींतल्या पल्स या वेळी लांब होत्या, त्यामुळे बझरही वाजला. कारण पागोळ्या. कौलांवरून ओघळणारे गार पाणी पडवीच्या कडेला सलग पडद्यासारखे पडते आणि वाऱ्याबरोबर आत-बाहेर होते. पाइपच्या तिरक्या तोंडातून त्याची एक कड सेन्सरला दिसत होती. कोरड्या दिवसांत ही कड निरुपद्रवी होती, म्हणून एप्रिलच्या चाचणीत ती सापडणे शक्यच नव्हते. डबीखाली लाकडाची पाचर देऊन सेन्सर भिंतीकडे आणखी वळवला, पाइप एक सेंटिमीटर लांब घेतला आणि त्या कडेला कौलाखाली पन्हळ लावली. पन्हळीचे ६५० रुपये झाले. ती एरवीही लावायची होती.

२ जुलै

सतत पाऊस असलेल्या दिवसांत, पागोळ्या दिसत नसतानाही, पहाटे तुरळक इशारे येऊ लागले. लेन्स झाकली तरी येतात, म्हणजे कारण आत. डबी उघडली तेव्हा बोर्डावर दमटपणाची पातळ साय होती आणि सोल्डरच्या टाक्यांभोवती उरलेल्या फ्लक्सवर (सोल्डरिंगच्या राळेवर) हिरवट छटा आली होती. एवढ्या क्षीण संकेतांवर काम करणाऱ्या चिपच्या पायांमध्ये ओलसर मळ साचला की तेथून प्रवाह झिरपतो.

मॉड्यूल काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या दातांच्या ब्रशने घासले, उबदार जागी दोन दिवस सुकवले आणि रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात दिले. सेन्सरच्या धातूच्या टोपीवरची काळसर खिडकी, दोन्ही स्क्रू आणि जम्पर यांना पॉलिश लागू देऊ नये. केबल डबीत खालून घेतली आणि त्याआधी तिला खाली लोंबता वळसा दिला, जेणेकरून तारेवरून आलेले पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल. अल्कोहोल आणि पॉलिश मिळून १८० रुपये.

२४ ऑगस्ट

चतुर्थीच्या तयारीने घरात वर्दळ आहे, तरी रात्रीच्या नोंदी स्वच्छ आहेत. मुसळधार रात्रींतही बझर विनाकारण वाजलेला नाही. आई उठते तेव्हा तो वाजतो आणि आम्ही उठतो.

मांजराचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. पाइपचे तोंड खालच्या बाजूने थोडे लांब ठेवल्यामुळे जमिनीवरून जाणारे मांजर दिसत नाही. ते कठड्यावर चढले की दिवा लागतो, पण त्याची पल्स छोटी असल्याने बझर वाजत नाही. यापुढे त्यासाठी काही करणार नाही.

मूळ साहित्य ८०० रुपयांचे होते. ते स्थिर करायला केबल, चार्जर, गाळणी, दिवे, दुसरा रिले आणि सफाईचे सामान मिळून त्याहून थोडा जास्त खर्च आला. पन्हळ आणि न वापरलेले रडार यात धरलेले नाही. दर पंधरा दिवसांनी पाइपवरची पिशवी पुसायची आणि फाटली असेल तर बदलायची, एवढी देखभाल उरली आहे. पावसाळा संपल्यावर डबी पुन्हा उघडून पॉलिश कसे टिकले ते येथे नोंदवीन.